निळ्या पट्ट्याची झाडं

जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला गेलं की कोणीतरी ओळखीचं भेटतंच, आणि दोन मिनिटांत प्रश्न येतो, "तुम्ही नक्की करता काय?" इथल्या मराठी माणसाला सॉफ्टवेअर कळतं, औषध कंपन्या कळतात, बँका कळतात. मेन राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीपाशी बर्फात चालत जनावरांची घरं शोधणारी बाई त्यांच्या कुठल्याच खणात बसत नाही. एका काकूंनी तर भेंडी निवडता निवडता कौतुकाने विचारलं होतं, "पण वाघ असतील ना हो तिथे?" वाघ नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला आणि त्या परत भेंडीकडे वळल्या.

मी गोंदियाची. नागपूरला प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केलं, पुढे इथे येऊन वन्यजीवशास्त्र शिकले आणि सगळी नोकरी मेनच्या जंगलात काढली. आता निवृत्त होऊन एडिसनला आले आहे. या अंकाच्या संपादकांचा आग्रह होता की कामाबद्दल लिहा, आणि शक्य तर प्राण्यांचे गोड फोटो पाठवा. फोटो माझ्याकडे ढिगाने आहेत. पण त्यातले बहुतेक शेणाचे, पावलांच्या ठशांचे आणि कुरतडलेल्या फांद्यांचे आहेत. म्हणून लिहिलेलंच बरं.

काम सांगायला सोपं आहे. मेनचं उत्तरेकडचं जंगल बहुतेक खासगी मालकीचं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लाकूडतोड चालते. एखादा तुकडा कापायला काढण्याआधी मालक माझ्यासारख्या माणसाला बोलावतात. मी तो तुकडा पायाखाली घालायचा, कोणाचं घर कुठे आहे ते बघायचं आणि सांगायचं की इथे कापा, इथे कापू नका, आणि इथे कापा पण वसंतात नको. मालक कधी ऐकतात, कधी अर्धं ऐकतात. न ऐकणारेही भेटले, पण ते परत मला बोलवायचे, कारण दुसरं कोणी त्या थंडीत यायला तयार नसे.

लोक धरून चालतात की मी तोडीच्या विरोधात असणार. मी नव्हते, आजही नाही. तिथला ससा हिवाळ्यात पांढरा होतो आणि त्याला दाट, कोवळं, छातीएवढं फर नावाच्या झाडांचं रान लागतं. तसं रान कापणीनंतर काही वर्षांनी उगवतं. ससा आला की त्याच्यामागे लिंक्स येते. ही मोठ्या पंजांची रानमांजर मऊ बर्फावरून न रुतता चालते. म्हणजे लिंक्सला जुन्या तोडीचा फायदाच. पण त्याच भागात खाणवाले जमिनीखालचे नमुने काढायला आले आणि त्यांनी वर्दळीचा रस्ता केला. त्या दाबलेल्या बर्फावरून कायोटी थेट आत यायला लागले. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा दांडगा भाऊ. एरवी तो भुसभुशीत बर्फात पोटापर्यंत रुततो आणि लिंक्सच्या वाटेला जात नाही. आता तो ऐटीत रस्त्याने जायचा आणि सशांवर हात मारायचा. खाणीतून अजून काही निघालं नव्हतं, नुसता रस्ता झाला होता. म्हणून मी कापायच्या झाडांइतकीच रस्त्यांवरून भांडले, आणि बऱ्याच वेळा जिंकले.

भांडणात कधी कधी प्राणीही मदत करायचे. गॉसहॉक नावाचा शिकारी पक्षी घरट्याजवळ आलेल्या माणसाच्या डोक्यावर मागून झडप घालतो. आम्ही त्याच्या हाकेचं रेकॉर्डिंग वाजवत फिरतो. घरटं जवळ असेल तर तो तावातावाने येतो. एकदा एका मालकाचा अधिकारी माझ्याबरोबर होता. एवढ्याशा पक्ष्यासाठी एवढी झाडं सोडायची, हे त्याला पटत नव्हतं. घाम पुसायला त्याने हेल्मेट काढलं आणि बाकीचं पक्ष्याने समजावलं. टाळूवर रुमाल दाबून तो विचारत होता, "किती जागा सोडू?" मी म्हटलं, "तुम्ही आता जिथपर्यंत पळत गेलात ना, तिथपर्यंत." त्याने मुकाट्याने सोडली.

माझं सर्वांत अवघड गिऱ्हाईक मात्र मराठीच निघालं.

झालं असं की आमच्या भागातला जंगलाचा एक मोठा तुकडा एका गुंतवणूक कंपनीने घेतला. आजकाल जंगलं अशीच विकली जातात. ज्यांनी ती कधी पाहिलेली नसतात, त्यांच्या पेन्शनमध्ये ती असतात. कंपनीचं ऑफिस जर्सी सिटीत, आणि त्या जंगलाचा हिशेब बघणारा मुलगा निखिल, नागपूरच्या इंदोऱ्याचा. माझं आडनाव वाचून त्याने फोनवर पहिल्यांदा "जय भीम, ताई" म्हटलं तेव्हा मला केवढा आनंद झाला. दुसऱ्या वाक्याला त्याने स्प्रेडशीट उघडली.

"ताई, ऑनेस्टली सांगतो. हा जो रिजवरचा स्टँड आहे ना, तो सगळ्यात व्हॅल्युएबल दिसतोय. आणि रिपोर्टमध्ये तुम्ही नेमका तोच सोडा म्हणताय. मी बॉसला काय सांगू, यार?" आणि लगेच, "सॉरी ताई, सवयीने निघालं."

रिज म्हणजे टेकडी आणि स्टँड म्हणजे तिच्यावरची झाडं. ती टेकडी मला फार प्रिय होती. तिथे जुने पिवळे बर्च होते, सोनेरी सालीचे, मिठीत न मावणारे, त्यातले बरेच आतून पोकळ. खाली पडझडीचा नुसता पसारा. कुठल्याही नीटनेटक्या माणसाला तो बघून झाडू घ्यावासा वाटेल. पण मार्टेनला तोच पसारा लागतो. मार्टेन आपल्या मुंगसाएवढा, तपकिरी, गळ्याशी केशरी. हिवाळ्यात त्याचे उंदीर बर्फाखाली फिरत असतात. आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशी बर्फात फट राहते, तिथून तो खाली शिरतो आणि जेवण उरकतो. ओंडके उचलून नेले की बर्फाचं झाकण घट्ट बसतं आणि तो वर उपाशी. मादी पिल्लं घालते पोकळ झाडात. शिवाय तिला एक घर पुरत नाही. धोका वाटला की ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, म्हणून जवळपास आणखी पोकळ झाडं लागतात. टेकडीच्या दोन्ही बाजूंना जुनी तोड झालेली होती. मार्टेनसाठी तेवढीच जागा उरली होती.

मी निखिलला म्हटलं, फोनवर नको, ये. तो आला तो पांढरे बूट घालून. त्याला माझे जुने बूट दिले, पायांना स्नोशूज, म्हणजे बर्फात न रुतणाऱ्या रुंद जाळीच्या चपला, बांधले आणि टेकडीवर नेलं. तो वाटेत किती वेळा पडला ते मी मोजलं नाही, पण त्याने एकदाही तक्रार केली नाही, हे मला आवडलं. वर मार्टेनचे ठसे होते, जोडीजोडीने उड्या मारत गेलेले, आणि एका ओंडक्यापाशी अचानक संपलेले. निखिल खाली बसून त्या फटीत बघत राहिला.

"म्हणजे तो आत्ता खाली आहे?"

"असेल. जेवत असेल."

घरी आल्यावर त्याने पिठलं-भात खाल्ला आणि वाटाघाटी केल्या. पूर्ण सोडणं त्याच्या हातात नव्हतं. शेवटी ठरलं की जाड, पोकळ आणि म्हातारी झाडं ठेवायची, मधली कापायची. मी होकार दिला. तसं नीट झालं तर मार्टेन राहतो, हे मी इतर ठिकाणी पाहिलेलं होतं. टेकडी वाचली या आनंदात मी त्याला दुसऱ्यांदा भात वाढला.

मग मी झाडांना पट्टे मारले. आमच्या भागातला रिवाज असा, की निळा पट्टा म्हणजे ठेवायचं झाड. छातीच्या उंचीवर रंगाचा पट्टा आणि अगदी खाली, जमिनीलगत एक ठिपका. ठिपका अशासाठी की कोणी झाड चोरून कापलंच, तरी खुंटावर रंग राहतो आणि लबाडी कळते. काम सुरू होण्याआधी यंत्र चालवणारा आणि मी एकदा सगळं रान फिरून यायचं, हाही रिवाजच. ती फेरी सोमवारी ठरली होती.

मार्च संपत आला होता. मोठी यंत्रं चालायला जमीन गोठलेली लागते. एकदा विरघळली की चिखल होतो आणि काम पुढच्या हिवाळ्यावर जातं. अलीकडे हिवाळे उशिरा येतात आणि लवकर जातात. त्यामुळे सगळ्यांचीच घाई असते. त्या आठवड्यात थंडी मोडणार असा अंदाज आला आणि कंपनीच्या नव्या ठेकेदाराने सोमवारची वाट न बघता शनिवारीच यंत्र वर चढवलं. ठेकेदार दुसऱ्या राज्यातला, यंत्र चालवणारा डेलही तिकडचाच. मला कोणी कळवलं नाही. मी त्या दिवशी टेकडीवर प्राणी टिपायला लावलेले दोन कॅमेरे आणायला निघाले होते, खालच्या रस्त्यावर गाडी थांबवली आणि यंत्राचा आवाज ऐकला.

वर पोचले तर समोर खुंट होते, आणि प्रत्येक खुंटावर निळा ठिपका. बाकीची मधली झाडं जशीच्या तशी उभी. मी ठेवायला सांगितलेली झाडं, नेमकी तेवढीच, अत्यंत व्यवस्थित कापलेली होती.

हार्वेस्टर नावाचं ते यंत्र एका हाताने झाड धरतं, बुंध्यातून कापतं, उभ्या उभ्या फिरवून हवं तिथे आडवं ठेवतं. ते सर्वांत मोठ्या बर्चकडे निघालं होतं. काचेच्या खोलीत बसलेल्या माणसाला माझं ओरडणं ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण एक नियम तिथल्या प्रत्येकाच्या हाडात असतो, की दोन झाडांच्या उंचीइतक्या अंतरात माणूस दिसला तर यंत्र बंद करायचं. सगळी नोकरी मी तो नियम पाळला, दुसऱ्यांना शिकवला. त्या दिवशी मी सरळ आत चालत गेले आणि बर्चला पाठ लावून उभी राहिले. मला भीती वाटत होती. दोन्ही हात वर करून हलवत राहिले.

यंत्र थांबलं. डेल खाली उतरला. धिप्पाड माणूस, पांढरी दाढी, चेहरा रागाने लाल.

"तुम्हाला मरायचंय का?"

"तुम्ही ठेवायची झाडं कापताय."

"ज्यांच्यावर निळा आहे तीच कापतोय. बुंध्याशी ठिपकाही आहे, बघा की."

"इथे निळा म्हणजे ठेवायचं."

 त्याने वळून सकाळपासूनच्या कामाकडे पाहिलं. त्याच्या राज्यात पट्टा म्हणजे कापायचं झाड, आणि खालचा ठिपका म्हणजे परवानगीची खूण. ज्या ठिपक्याने लबाडी पकडायची तोच त्याला पुरावा वाटला होता. मला त्याच्यावर रागावायचं होतं, पण जमेना. आमच्या गोंदियाकडेही वनखात्याचा खुणेचा हातोडा ज्या झाडावर बसला ते झाड गेलंच म्हणून समजायचं. लहानपणी मीही खूण केलेलं झाड म्हणजे जाणारं झाड असंच शिकले होते. दोन हातांच्या अंतरावर आम्ही दोघं उभे होतो आणि आपापल्या गावच्या हिशेबाने दोघंही बरोबर होतो.

"देवा," तो हळू आवाजात म्हणाला, आणि टोपी काढली.

तेवढ्यात मला मार्टेन दिसली. आडव्या पडलेल्या एका पोकळ बर्चवर ती पुढे-मागे धावत होती. माणसं आणि यंत्र एवढ्या जवळ असताना मार्टेन थांबत नाही. ही जाईना. खोडाच्या एका भोकापाशी यायची, आमच्याकडे बघायची, परत दूर जायची. याचा अर्थ एकच होता. मी पुढे गेले तशी ती बाजूच्या फरवर चढली. मी खोडाला कान लावला. आतून बारीक चिवचिवाट येत होता. यंत्राने झाड अलगद बर्फावर ठेवलं होतं, म्हणून पिल्लं जिवंत होती.

मी डेलला खूण केली. तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानेही कान लावला. बराच वेळ उठला नाही.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"निघून जायचं. सगळ्यांनी. यंत्र इथेच बंद ठेवायचं. शांतता झाली तर ती पिल्लं हलवेल. आवाज चालू राहिला तर सोडून जाईल, आणि एवढ्या थंडीत ती फार टिकणार नाहीत."

"आज बंद केलं तर या वर्षी परत सुरू होणार नाही," डेल म्हणाला. ते खरं होतं. आणि ते ठरवायचा अधिकार ना त्याला होता ना मला.

मी सॅटेलाइट फोनवरून निखिलला गाठलं. मागे ड्रायर घरघरत होते. तो इमारतीच्या लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालत होता. मी सगळं सांगितलं. त्याच्या हातून काय जाऊ शकतं ते मला माहीत होतं. हे त्याचं पहिलं जंगल होतं, तो व्हिसावर होता, आणि नोकरी गेली तर या देशात किती कमी दिवस मिळतात हे इथल्या कुठल्याही मराठी घरात विचारा.

"ताई, बॉसला कॉल करू का?"

"तुला काय वाटतं, तो काय म्हणेल?"

"तो म्हणेल, फिनिश इट." तो लाँड्रीतून बाहेर आला, ड्रायरचा आवाज मागे पडला. "आणि पिल्लं खरंच आत आहेत? म्हणजे, यू हर्ड देम?"

"मी ऐकली. डेलनेही ऐकली."

"मग मी विचारतच नाही. साइटचा कॉल माझा आहे, कागदावर तरी. थांबवा, ताई. शट इट डाउन. सोमवारी बघू काय होतं ते."

मी माझ्या मुलीच्या पदवीदानाला रडले नव्हते. तिथे बर्फात फोन हातात घेऊन रडले. डेल दुसरीकडे बघत राहिला.

आम्ही खोडासमोर कॅमेरा बांधला, दुसरा मी ज्याला पाठ लावून उभी होते त्या पोकळ बर्चवर रोखला आणि सगळे टेकडी उतरलो. त्यानंतर थंडी मोडली, रस्ते चिखलाने बंद झाले आणि मला बरेच दिवस वर जाता आलं नाही. ते दिवस वाईट गेले. मी भाज्या करपवल्या, मुलीवर खेकसले. शेवटी जमीन वाळल्यावर कॅमेऱ्यातली कार्डं काढली आणि तिथेच खुंटावर बसून बघितली. मार्टेन एकेक पिल्लू मानेला धरून खोडाबाहेर आणत होती. दुसऱ्या कॅमेऱ्यात ती तेच पिल्लू घेऊन उभ्या बर्चवर चढत होती. शेवटचं पिल्लू नेल्यावर ती पुन्हा एकदा आडव्या खोडाकडे आली, आत डोकं घालून बघितलं आणि गेली.

निखिलला फोटो पाठवले. त्याची सोमवारी चांगलीच हजेरी घेतली गेली होती, बढती लांबली होती, पण नोकरी राहिली. त्याने बॉसलाही तेच फोटो दाखवले. टेकडीवर पुन्हा तोड करायची नाही, असं कंपनीने लिहून दिलं. मला तो विजय वाटतो आणि तसं मी अभिमानाने सांगते. पण कापलेले बर्च परत येणार नाहीत. तेवढे पोकळ व्हायला झाडाला माणसाच्या दोन-तीन पिढ्या लागतात, आणि नव्या पिल्लांना मोठेपणी घर लागेल तेव्हा तिथे फक्त थोडी झाडं असतील. ते दुःख गेलेलं नाही.

त्यानंतर मी एक नियम करून घेतला. पट्टा कुठल्या रंगाचा, कोणत्या राज्याचा, ते जाऊ दे. यंत्र चालवणाऱ्याने ठेवायच्या प्रत्येक झाडापाशी चालत जायचं आणि त्याला हात लावायचा. त्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. नवे लोक हसायचे, पण हात लावायचे.

पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या तुकड्यासाठी ठेकेदाराने विचारलं, कोणता माणूस हवा. मी म्हटलं, डेल. तो आला, माझ्याबरोबर रानात फिरला. पण त्याने झाडाला हात लावला नाही. हातमोजा काढला, बोटांच्या पेरांनी खोडावर दोनदा टकटक केली, आणि कान लावून उभा राहिला. मग पुढचं झाड, पुन्हा टकटक, पुन्हा कान.

मी म्हटलं, "डेल, मार्टेन काही ओ देत नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या झाडाकडे गेला.